बारा व्होल्टवरून चोवीसवर: होडीची ट्रोलिंग मोटर बदलताना

न्यू जर्सीत गळाचा नाद लागलेल्या मराठी मंडळींचा प्रवास बहुतेक ठरलेला असतो. आधी काठावरून गळ टाकायचा. मग कुणाच्या तरी गराजमध्ये धूळ खात पडलेली चौदा-सोळा फुटी अॅल्युमिनियमची होडी स्वस्तात पदरात पडते. तिच्यावर 12 व्होल्टची, बॅटरीवर चालणारी एक साधी ट्रोलिंग मोटर चढते. आणि पुढच्या उन्हाळ्यात, वारा सुटलेल्या एखाद्या दुपारी होडी पुढे जायच्या ऐवजी आडवी सरकायला लागली, की डोक्यात किडा वळवळतो: 24 व्होल्ट करून टाकू या का?

इथे या प्रश्नाला जरा जास्तच वजन आहे. वेस्ट विंडसरच्या मर्सर काउंटी पार्कमधलं तळं किंवा हॉवेलचं मॅनास्क्वान रेझर्व्हॉयर, अशा ठिकाणी पेट्रोलचं इंजिन लावायला बंदीच आहे. एरवी ट्रोलिंग मोटर म्हणजे मासे असलेल्या जागी हळूहळू, आवाज न करता फिरायचं साधन. या तळ्यांवर मात्र धक्क्यावरून निघायचं तिच्या जिवावर आणि परतायचंही तिच्याच जिवावर.

हा लेख हे काम पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी आहे. सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण नंतर सांगितली तर खर्च होऊन गेलेला असतो: 12 व्होल्टच्या मोटरला 24 व्होल्ट द्यायचे नसतात. मोटर जळते. 12 आणि 24 दोन्हींवर चालणाऱ्या मोटरी असतात, पण तसं त्यांच्या पाटीवर स्पष्ट लिहिलेलं असतं. बाकी सगळ्यांसाठी 24 करायचं म्हणजे नवी मोटर, बॅटऱ्यांची नवी जोडणी, बहुतेक वेळा नवी वायर, आणि चार्जरही नवा. नुसती एक बॅटरी वाढवली की झालं, असं सांगणारा कुणी भेटला तर त्याचा चहा घ्या, सल्ला घेऊ नका.

गरज आहे का, ते आधी बघा

ट्रोलिंग मोटरची ताकद हॉर्सपॉवरमध्ये न सांगता पौंडांत सांगतात. मोटर पाण्याला किती जोराने मागे ढकलते, त्याचा तो आकडा. त्याला थ्रस्ट म्हणतात. 55 पौंड म्हणजे साधारण 25 किलोचा रेटा. बाजारात ढोबळ विभागणी अशी आहे: 55 पौंडांपर्यंतच्या मोटरी 12 व्होल्टच्या, 70 ते 80 पौंडांच्या 24 व्होल्टच्या, आणि 100 ते 112 पौंडांच्या 36 व्होल्टच्या.

किती थ्रस्ट हवा, यासाठी वापरातला ठोकताळा म्हणजे भरलेल्या होडीच्या दर 100 पौंड वजनामागे 2 पौंड थ्रस्ट. सोळा फुटी होडीचं उदाहरण घेऊ. नुसती होडी 450 पौंड, दोन माणसं 360, मागचं छोटं इंजिन 110, बॅटऱ्या, डबे, नांगर, बर्फाची पेटी मिळून 250. बेरीज 1170 पौंड. ठोकताळ्याने 24 पौंड थ्रस्ट पुरे. म्हणजे हिशेबाने तुमची 55 पौंडांची 12 व्होल्टवाली मोटर दुपटीहून मोठी आहे!

हिशेब चुकलेला नाही, पण तो संथ पाण्याचा आहे. उघड्या तळ्यावर ताशी पंधरा मैलांचा वारा समोरून आला की अॅल्युमिनियमची हलकी, उंच कडांची होडी पतंगासारखी वागते. तेव्हा कामाला येते ती हातची राखून ठेवलेली ताकद. म्हणून मी ठोकताळ्यापेक्षा वेगळी कसोटी लावतो. पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत लक्ष ठेवा: मोटरचा वेग दहापैकी कितीवर असतो? तीन-चारवर भागत असेल तर 24चा विचार सोडा. आठ-नऊवर ठेवूनच मासेमारी करावी लागत असेल, किंवा दुपारी दोनपर्यंत बॅटरी मान टाकत असेल, तर पुढे वाचा.

दुसऱ्या तक्रारीवर, म्हणजे बॅटरी पुरत नाही यावर, एक स्वस्त तोडगाही आहे. पाच ठराविक वेग असलेल्या जुन्या मोटरींत वेग कमी करायला करंट एका कॉइलमधून फिरवतात, आणि वाचायला हवी ती वीज उष्णता होऊन निघून जाते. वेग सलग कमी-जास्त होणाऱ्या डिजिटल मोटरी करंट भराभर चालू-बंद करून वेग सांभाळतात, त्यामुळे कमी वेगात बॅटरी कितीतरी जास्त पुरते. तुमची मोटर पहिल्या जातीची असेल तर 12 व्होल्टचीच डिजिटल मोटर घेऊन काम भागू शकतं.

आणि वेग वाढेल म्हणून 24 करत असाल तर थांबा. पाणी कापत जाणाऱ्या होडीच्या वेगाला तिच्या लांबीचीच मर्यादा असते. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला 1.34ने गुणा, उत्तर ताशी सागरी मैलांत येतं. 14 फुटांसाठी ते साधारण 5 येतं. त्या वेगाच्या जवळ गेलं की जास्तीची ताकद समोरची लाट मोठी करण्यात जाते. 80 पौंडांची मोटर लावल्यावर होडी थोडी जास्त पळेल, पण थोडीच. खरा फरक वाऱ्यात जाणवतो.

24 व्होल्टने नेमकं काय साधतं

वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, हे शाळेतलं गणित. 12 व्होल्टची 55 पौंडांची मोटर पूर्ण वेगात साधारण 50 अँपिअर ओढते, म्हणजे 600 वॉट. तेच 600 वॉट 24 व्होल्टवर 25 अँपिअरमध्ये मिळतात. करंट निम्मा झाला. वायरमध्ये वाया जाणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून त्याच वायरमधला अपव्यय चौथाईवर आला. मोटर गार राहते, वायर गार राहते. पूर्ण वेगात मात्र 80 पौंडांची 24 व्होल्टवाली मोटर 56 अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे 1300 वॉटच्या वर. हे आकडे वायर आणि ब्रेकर निवडताना लागतील.

24 व्होल्ट मिळवायचे ते 12च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीचा पॉझिटिव्ह दुसरीच्या निगेटिव्हला जोडून. आपल्याकडच्या एसटीच्या बसला आणि मालट्रकला हीच यंत्रणा असते. सिरीजमध्ये व्होल्ट दुप्पट होतात, अँपिअर-तास तेवढेच राहतात. 100 अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या मिळून 24 व्होल्ट, 100 अँपिअर-तास, 200 नव्हे. इथे नवख्यांची हमखास गफलत होते. सिरीज असो वा पॅरलल (पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, निगेटिव्हला निगेटिव्ह), साठवलेली एकूण वीज सारखीच.

मोटर निवडताना

ब्रँडची चर्चा करत नाही. मिन कोटा, मोटरगाइड, गार्मिन या सगळ्यांच्या 24 व्होल्टच्या मोटरी मिळतात, आणि प्रत्येकाचे भक्त आपापल्या जागी ठाम असतात. तीन गोष्टी मात्र मोजून घ्या.

पहिली, दांड्याची लांबी. मोटर पाण्याखाली साधारण एक फूट बुडालेली हवी. ती होडीच्या पुढच्या टोकावर, म्हणजे बोवर बसणार असेल तर डेकपासून पाण्यापर्यंतची उंची मोजा, आणि होडीत नेहमीचं वजन असताना मोजा. 10 ते 16 इंच उंची असेल तर 42-45 इंचांचा दांडा चालतो, 16 ते 22 असेल तर 48-52 इंचांचा. लाटांच्या पाण्यात जात असाल तर पाच इंच वाढवा. दांडा आखूड पडला तर लाटेवर पंखा उघडा पडतो, हवा ढवळतो, आणि त्या आवाजाने मासे पळतात. लांब दांड्याचं काही बिघडत नाही, तो वर ओढून ठेवता येतो. तेव्हा शंका असेल तर लांब घ्या.

दुसरी, पाणी गोडं की खारं. बार्नेगट बेमध्ये फ्लाउंडरच्या मागे जाणार असाल तर खाऱ्या पाण्यासाठी बनवलेलीच मोटर घ्या. तिचं सील, रंग आणि झिजण्यासाठीच लावलेला जस्ताचा तुकडा या सगळ्यांचे जास्तीचे पैसे वाजवी आहेत.

तिसरी, जीपीएसवर जागच्या जागी थांबायची सोय. ती असलेल्या मोटरी बऱ्याच महाग असतात, आणि मला विचाराल तर 24 व्होल्टवर जायचं सगळ्यात मोठं कारण तेच. जागा धरून ठेवायला मोटर दिवसभर वाऱ्याशी भांडत असते. त्या कामाला राखीव ताकद लागते आणि बॅटरीही. ही सोय नको असेल तर 24 व्होल्टवर इतके पैसे घालण्यात फारसा अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

बॅटऱ्या: इथे हात आखडू नका

गाडीची बॅटरी चालणार नाही. ती इंजिन सुरू करताना क्षणभर प्रचंड करंट द्यायला बनवलेली असते. तासन्‌तास हळूहळू रिकामी व्हायला नाही. डीप सायकल असं लिहिलेलीच हवी. शिशाच्या बॅटऱ्यांत ग्रुप 27 आणि ग्रुप 31 हे आकार नेहमीचे.

शिशाची बॅटरी अर्ध्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणून 100 अँपिअर-तासांतले 50च आपले समजायचे. शिवाय पाटीवरचा आकडा बहुतेक वेळा वीस तासांच्या हिशेबाने दिलेला असतो, म्हणजे 5 अँपिअर वीस तास. 50 अँपिअरने ओढली तर ती तेवढं देतच नाही. पूर्ण वेगात सलग चालवलं तर तासाभराच्या आत अर्धी बॅटरी संपते. प्रत्यक्षात मासेमारीत आपण 10-15 अँपिअरवर असतो, म्हणून दिवस निघतो.

लिथियम, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, महाग असते. पण ग्रुप 27ची शिशाची बॅटरी 25 किलोच्या वर भरते, तर 100 अँपिअर-तासांची लिथियम 11 ते 14 किलोंची. दोन बॅटऱ्यांत मिळून पंचवीसेक किलोंचा फरक पडतो, आणि छोट्या होडीत तो बसल्या जागी जाणवतो. लिथियम ऐंशी-नव्वद टक्के रिकामी केली तरी चालते.

लिथियम घेताना आतल्या संरक्षक सर्किटचे दोन आकडे विक्रेत्याकडून लेखी मागा. सलग किती अँपिअर देते? 80 पौंडांच्या मोटरसाठी 56च्या बऱ्यापैकी वर हवेत. 100 असतील तर उत्तम. आणि सिरीजमध्ये किती बॅटऱ्या चालतात? काही स्वस्त बॅटऱ्यांना सिरीज मुळीच चालत नाही. हे टाळायचं असेल तर 24 व्होल्टची एकच लिथियम बॅटरी घ्या. जंपर, म्हणजे दोन बॅटऱ्यांना जोडणारी वायर, नाही, दोन बॅटऱ्यांचा समतोल साधायची कटकट नाही. नव्याने सगळंच घेणाऱ्याला मी हेच सुचवतो.

लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत फारसं उतरत नाही. ऐकायला छान वाटतं, पण शिशाच्या बॅटरीचा हिशेब धरून बनवलेल्या मोटरला ते जड जाऊ शकतं. मिन कोटाच्या माहितीपुस्तिकांत लिथियमवर 85 टक्क्यांहून जास्त वेगाने बराच वेळ चालवू नका, असा इशारा आहे. तुमच्या मोटरची पुस्तिका त्या एका पानासाठी तरी उघडा.

जोडी कोणतीही घ्या, दोन्ही बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या, एकाच वेळी घेतलेल्या हव्यात. एक जुनी आणि एक नवी अशी जोडी लावली तर जुनी आधी रिकामी होते आणि नवीलाही सोबत घेऊन जाते.

ठेवायची जागा ठरवताना होडीचा तोल आणि क्षमतेची पाटी दोन्ही बघा. अमेरिकेत वीस फुटांखालच्या मोटरबोटींवर माणसं, मोटर आणि सामान मिळून किती वजन चालेल याची पाटी असते, आणि बॅटऱ्या त्यातच धरायच्या. बॅटरी पेटीत, पट्ट्याने आवळून ठेवा. एक इंचाहून जास्त हलता कामा नये, हा तटरक्षक दलाच्या नियमांतला निकष चांगला आहे. शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तेव्हा पेटीला वारा लागला पाहिजे.

वायर आणि ब्रेकर

सगळ्यात जास्त कंजुषी इथे होते. मोटर दोन हजार डॉलरची आणि वायर गराजच्या कोपऱ्यात सापडलेली!

अमेरिकेत वायरची जाडी गेजमध्ये मोजतात. आकडा लहान तेवढी वायर जाड. समजा बॅटऱ्या मागे आहेत आणि मोटर पुढे, अंतर 15 फूट. करंट जातो आणि परतही येतो, म्हणून 30 फूट धरायचे. 10 गेजच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स 1000 फुटांना साधारण 1 ओहम असतो. म्हणजे 30 फुटांत 0.03 ओहम. तुमची जुनी 12 व्होल्टची मोटर 50 अँपिअर ओढत असताना या वायरमध्ये दीड व्होल्ट गळत होता, बारातला दीड! 75 वॉट नुसते वायर तापवण्यात. काही जणांची मोटर मुळात ठीक असते आणि वायरच दगा देत असते, ते असं. 24चा खर्च करण्याआधी जुन्या मोटरच्या प्लगपाशी, मोटर पाण्यात पूर्ण वेगात चालू असताना व्होल्टेज मोजून बघा. बॅटरीपाशी 12.2 आणि प्लगपाशी 10.7 दिसलं तर दुखणं कुठे आहे ते कळलं.

6 गेजची वायर घेतली तर 1000 फुटांना 0.4 ओहम. 30 फुटांत 56 अँपिअरला 0.66 व्होल्ट गळती, म्हणजे 24 व्होल्टवर तीन टक्क्यांच्या आत. सोळा-अठरा फुटी होडीला 6 गेज घ्या आणि निर्धास्त व्हा. वायर मरीन ग्रेडची, म्हणजे कल्हई केलेल्या तांब्याची हवी. टोक सोललं की आतल्या बारीक तारा लालसर दिसायच्या ऐवजी चांदीसारख्या दिसतात. साध्या तांब्यावर होडीतल्या ओलाव्याने हिरवट पूड चढते, आणि ती इन्सुलेशनच्या आत इंच-दोन इंच शिरलेली असते. बाहेरून पत्ताही लागत नाही.

ब्रेकर पॉझिटिव्ह वायरवर, बॅटरीजवळ. बॅटरीच्या टर्मिनललाच थेट जोडलेल्या आणि नळीत बंद असलेल्या वायरसाठी 72 इंचांच्या आत असा नियम आहे. तुम्ही फूटभरात बसवा. 80 पौंडांच्या मोटरसाठी 60 अँपिअरचा, हाताने पुन्हा चालू करायचा मरीन ब्रेकर. त्यावर डीसी व्होल्टेज छापलेलं असतं, ते 24च्या वर असल्याची खात्री करा. घरातल्या वायरिंगचा एसी ब्रेकर इथे अजिबात नको. डीसीची ठिणगी तुटायला कठीण असते.

जोडणी

आता हातात काम घ्यायचं. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. जुनी मोटर, जुना चार्जर सगळं सोडवा, ब्रेकर बंद करा.

आधी मोटरचा माउंट बसवा. लाकडात बसवायचे स्क्रू चालणार नाहीत. डेकमधून आरपार स्टेनलेस बोल्ट, खालून रुंद वॉशर किंवा पट्टी, आणि नायलॉनच्या कड्याचा नट. स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम पाण्यात एकमेकांना लागले की अॅल्युमिनियम झिजतं, म्हणून मध्ये नायलॉनचे वॉशर आणि बोल्टला अँटी-सीझचा, म्हणजे बोल्ट धरून बसू नये म्हणून लावायच्या पेस्टचा हात. भोकं पाडण्याआधी मोटर उचलून, आडवी पाडून, पुन्हा सोडून बघा. रेलिंगला किंवा पुढच्या दिव्याला अडत असेल तर आत्ताच कळू दे.

मग वायर ओढा. जिथे ती पत्र्यातून जाते तिथे भोकाच्या काठाला रबरी कडं, म्हणजे ग्रोमेट हवंच. नाहीतर धक्क्यांनी धार इन्सुलेशन कापते.

लग, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं कडं, बसवताना घाई करू नका. लगच्या नळीच्या लांबीइतकंच, साधारण पाऊण इंच इन्सुलेशन सोला. एकही तार कापली जाऊ देऊ नका. कापली गेली तर टोक छाटून पुन्हा सोला. तारा हलक्या हाताने पिळा, लगमध्ये सारा, आणि नळीच्या खालच्या भोकातून तांबं दिसतंय ना ते बघा. हातोड्याने ठोकून बसवलेला लग वरून बरा दिसतो आणि आत पोकळ राहतो. 6 गेजला लांब दांड्याचं क्रिंपिंग टूल लागतं, मित्राकडून उसनं आणा. दाबून झाल्यावर वायर एका हातात, लग दुसऱ्या हातात धरून जोर लावून ओढा. हलला तर कापा आणि नव्याने. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवून गरम करा. कडेने गोंदाचा बारीकसा पाझर दिसला की आत पाणी शिरत नाही.

आता बॅटऱ्या. एकीला अ म्हणा, दुसरीला ब, आणि मार्करने झाकणावर खरंच लिहा. लिथियम असतील तर सिरीज जोडण्याआधी दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करा.

मोटरची निगेटिव्ह वायर अच्या निगेटिव्हला जाते. मोटरची पॉझिटिव्ह वायर ब्रेकरमधून बच्या पॉझिटिव्हला. आणि सगळ्यात शेवटी जंपर: अचा पॉझिटिव्ह ते बचा निगेटिव्ह. जंपरही 6 गेजचाच. तो शेवटी लावायचा, कारण तोवर 24 व्होल्टचं सर्किट पूर्णच होत नाही.

जंपर लावल्यावर दोन टर्मिनल उरतात: अचा निगेटिव्ह आणि बचा पॉझिटिव्ह. या दोघांना एकमेकांशी जोडणारी वायर कधीही लावायची नाही. ती लावणं म्हणजे दोन्ही बॅटऱ्या थेट शॉर्ट करणं. वायर लाल होते, बॅटरी फुटू शकते. जुन्या 12 व्होल्टच्या जोडणीत दोन बॅटऱ्या पॅरललमध्ये असतील, तर त्यातली एखादी पट्टी विसरून राहण्याचा धोका खरा आहे. म्हणून जुन्या सगळ्या वायरी आधी काढून टाका, काही जागच्या जागी ठेवू नका.

ब्रेकर चालू करा आणि मोटरचा प्लग न लावता, पुढच्या सॉकेटवर मल्टिमीटर धरा. पूर्ण चार्ज झालेल्या शिशाच्या जोडीला 25.2 ते 25.6 दिसलं पाहिजे, लिथियमला 26.5च्या आसपास किंवा वर. 12.6 दिसलं तर जोडणी पॅरललमध्ये झाली आहे. शून्य दिसलं तर ब्रेकर बघा, मग जंपर. आकड्याआधी उणे चिन्ह दिसलं आणि मीटरच्या वायरी बरोबर धरलेल्या असतील तर पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटे झालेत. उलटी जोडलेली डिजिटल मोटर एका झटक्यात जाऊ शकते, म्हणून ही तपासणी टाळायची नाही. जुनाच प्लग आणि सॉकेट वापरणार असाल तर त्यावरचे व्होल्ट आणि अँपिअरही वाचा.

चार्जर

दोन बँकांचा, म्हणजे दोन बॅटऱ्या वेगवेगळ्या भरणारा, होडीतच बसवायचा (ऑनबोर्ड) चार्जर घ्या. एक बँक अला, दुसरी बला. बँका एकमेकींपासून अलग असतात, त्यामुळे जंपर काढावा लागत नाही. 10 अँपिअरची बँक अर्ध्या रिकाम्या 100च्या शिशाच्या बॅटरीला रात्रभरात आरामात भरते. बॅटरी ज्या जातीची तोच मोड निवडा. 24ची एकच बॅटरी असेल तर 24चाच चार्जर. चार्जिंगच्या वेळी मोटरचा प्लग काढून ठेवायची सवय लावा.

फिशफाइंडरचा मोह

दोन बॅटऱ्या आहेत, फिशफाइंडरला (पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राला) 12 व्होल्टच लागतात, मग एका बॅटरीवरून दोन वायरी काढल्या की झालं, असं सगळ्यांनाच सुचतं. करू नका. ती एक बॅटरी रोज थोडी जास्त रिकामी होते, दुसरी कमी. सिरीजमधला समतोल बिघडतो आणि मोसम संपता संपता जास्त राबलेली बॅटरी मेलेली असते. शिवाय मोटरच्या भराभर चालू-बंद होणाऱ्या करंटची खरखर फिशफाइंडरच्या पडद्यावर उमटते. पाण्यात मासा नसतो, पडद्यावर मात्र पावसाच्या सरी.

फिशफाइंडर, दिवे आणि पाणी उपसायचा पंप यांना वेगळी छोटी 12 व्होल्टची बॅटरी द्या. मागच्या इंजिनाला स्टार्टरची बॅटरी असेल तर तिच्यावर घ्या. ती स्टार्टरची बॅटरी आणि मोटरच्या 24च्या बॅटऱ्या यांचा निगेटिव्हही एकमेकांना जोडू नका. फिशफाइंडरच्या सेन्सरची केबल मोटरच्या वायरपासून जमेल तेवढी दूर, दुसऱ्या कडेने न्या.

पहिल्यांदा पाण्यात

अंगणात मोटर सुरू करून बघायची असेल तर दोन-चार सेकंदच, पाण्याबाहेर जास्त नाही, आणि पंख्यापासून हात लांब. नवी मोटर जुनीच्या सवयीने झटका देऊन चालवू नका. 80 पौंडांचा रेटा पुढच्या टोकाला एकदम बसला की उभा असलेला माणूस पाण्यात जातो. लाइफ जॅकेट अंगात असू द्या.

तळ्यावर दहा मिनिटं पूर्ण वेगात चालवा आणि मग हाताच्या मागच्या बाजूने प्रत्येक जोड चाचपा: टर्मिनल, ब्रेकर, प्लग, जंपरची दोन्ही टोकं. कोमट चालेल. एखादाच जोड चटका देत असेल तर तो लग सैल आहे किंवा पोकळ. घरी येऊन तो कापा. सगळी वायर सारखीच तापत असेल तर ती बारीक पडते आहे.

मोसमात अधूनमधून पंखा काढून मागे बघा. तुटलेली मासेमारीची दोरी तिथे गुंडाळली जाते, सीलमध्ये रुतते, आणि पाणी मोटरच्या आत शिरतं.

कागदपत्रांचं विसरू नका. आजवर नुसती वल्ह्यांनी चालवत असलेल्या होडीला पहिल्यांदाच मोटर लावत असाल, तर न्यू जर्सीत इलेक्ट्रिक मोटर असलेली होडीही मोटरबोटच धरली जाते आणि तिची नोंदणी लागते. चालवणाऱ्याला सुरक्षा प्रमाणपत्राची अट कुठे आणि कधी लागू होते, ते राज्याच्या नियमांत बघून घ्या.

हिवाळ्यात

डिसेंबरमध्ये होडी झाकून ठेवताना बॅटऱ्यांचं काय करायचं, हे जातीवर ठरतं. शिशाची बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवा आणि अधूनमधून चार्जर लावा. रिकाम्या बॅटरीतलं द्रावण इथल्या थंडीत गोठतं आणि खोकं तडकतं. लिथियम अर्धी-पाऊण भरलेली, सर्किटपासून सोडवून घरात ठेवा. शून्य अंश सेल्सिअसच्या खाली लिथियम चार्ज करायची नाही. चांगल्या बॅटऱ्यांत ते आपोआप अडवणारी सोय असते, स्वस्तात ती असेलच असं नाही. मार्चच्या पहिल्या उबदार रविवारी उत्साहाच्या भरात चार्जर लावण्याआधी बॅटरीला हात लावून बघा. रात्रभर गराजमध्ये होती आणि अजून गार लागते आहे, तर दुपारपर्यंत थांबा.